पाहुण्याच्या मालाचं झाकण

जुना संगणक विकत घ्यायला निघताना दत्ता पांढरे तीन वस्तू बरोबर घेत असे. पेचकस, पांढरा सुती रुमाल आणि पेन ड्राइव्ह. पेचकसाने सीपीयूच्या डब्याचं झाकण उघडायचं. रुमाल आतल्या पंख्यावरून फिरवायचा आणि उजेडात धरायचा. बँकेतल्या यंत्राची धूळ करडी आणि कोरडी असते. जिनिंगजवळच्या दुकानातल्या यंत्रात कापसाचे तंतू पंख्याला गुंडाळलेले सापडतात. किराणा दुकानातल्या धुळीला तिखटाचा वास येतो आणि रुमाल नाकाला लावला की शिंक येते. यंत्र कुठे राहिलं, किती राबलं, हे विकणाऱ्याला विचारावं लागत नसे. हे झाल्यावर पेन ड्राइव्ह लावून ते चालू करून बघायचं आणि मग भावाचं बोलायचं.

दत्ता माझा भागीदार. बीडच्या बसस्थानकामागे आमचं जुन्या संगणकांचं दुकान होतं. ते आम्ही गेल्या वर्षी बंद केलं. त्याआधी आम्ही दोघे एका जिल्हा दैनिकात होतो. मी पानं लावायचो, दत्ता पहाटे अंकांचे गठ्ठे जीपमधून गावोगाव टाकायचा. पुढे पानं संभाजीनगरला लागू लागली आणि बीडच्या कार्यालयातले संगणक धूळ खात पडले. ते मी विकत घेतले. मला दुरुस्ती येत होती, विकता येत नव्हतं. दत्ताला गावं माहीत होती. कुठल्या पारावर गठ्ठा टाकला की कोण पहिला उचलतो, इथपर्यंत माहीत होती. दुकान असं सुरू झालं.

दत्ताचं घर मेंढपाळाचं. वडील कळप घेऊन दरसाल घाट उतरायचे. बाजारात मेंढी घेताना ते आधी तिचा दात बघत, मग पाठीवर हात दाबत, आणि मेंढी विकणाऱ्याशी तोवर एक शब्द बोलत नसत. दत्ताने हीच रीत संगणकाला लावली.

बाहेरच्या वाचकाला हा धंदा थोडा समजावून सांगायला हवा. पुण्यामुंबईच्या कंपन्या, बँका, कॉलेजं दर काही वर्षांनी संगणक बदलतात. जुने एकगठ्ठा लिलावात निघतात. त्या गठ्ठ्याला लॉट म्हणतात. पूर्वी लिलावाच्या आधी एक दिवस माल बघायला मिळे. गोदामात रांगेने डबे मांडलेले, आणि आमच्यासारखे वीस-पंचवीस जण गुडघ्यावर बसून ते उघडून बघणारे. कारण बाहेरून चकचकीत दिसणारा डबा आतून पोकळ असू शकतो. सर्वांत आधी नाहीशी होते ती रॅम. ही बोटाएवढी पट्टी. ती नसेल तर संगणक सुरूच होत नाही, आणि ती खिशात मावते, चिमटीने निघते, कुठेही खपते. पोकळ डबा निघाला की दत्ता झाकण परत लावून त्यावर थाप मारायचा आणि म्हणायचा, “दात न्हाई हिला. पुढं चला.”

माल टेम्पोने बीडला यायचा. मी तो धुऊनपुसून, जोडून चालता करायचो. पुढे तो गावोगाव जायचा, बऱ्याचदा एसटीने. त्या काळातले मॉनिटर खोक्याएवढे आणि धोंड्यासारखे जड. गोधडीत गुंडाळून ते सीटवर ठेवावे लागत. वडवणीच्या गाडीत एका कंडक्टरने अशा मॉनिटरकडे बघून विचारलं होतं, “ह्यांचं तिकीट कोण काढणार?” दत्ता म्हणाला, “पाच वर्षांच्या आतलं हाय, मास्तर.” कंडक्टर म्हणाला, “मग मांडीवर घ्या.” दत्ताने वडवणीपर्यंत तो मांडीवर घेतला.

गिऱ्हाइकंही तशीच होती. शिरूर कासारच्या बाजूचा एक ऊसतोड मुकादम दर हंगामाला यायचा आणि कारखान्यावर नेण्यासाठी संगणक भाड्याने मागायचा. तिथे तो त्यावर काय करायचा, हे बरीच वर्षं कळलं नाही. एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, “काय न्हाई हो, टेबलावर ठिवतो. संगणक दिसला की कारखान्याचा माणूस खुर्ची दितो.” एका भजनी मंडळाला फक्त स्पीकर हवे होते, पण स्पीकर कशाला तरी जोडावे लागतात म्हणून त्यांनी संगणकही नेला. वडवणीचे एक गुरुजी दर बाजाराच्या दिवशी तक्रार घेऊन यायचे की यंत्र सुरू होत नाही. शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. बटण दाबल्यावर पडदा उजळेपर्यंतचा वेळ त्यांना बिघाड वाटत होता. ते दर वेळी मधेच बंद करायचे. मी त्यांना पडदा उजळेपर्यंत थांबायला सांगितलं. ते म्हणाले, “एवढा वेळ तर पोरगंबी उत्तर द्यायला लावत न्हाई.”

यातला कुठलाही व्यवहार भावाने सुरू होत नसे. तो गावाने सुरू होई. गिऱ्हाईक बाकड्यावर टेकलं की दत्ता विचारी, “गाव कोणतं?” मग आडनाव, मग कुणाची लेक कुठे दिली. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला कुठे ना कुठे धागा निघायचाच. बीड जिल्ह्यात तो निघाला नाही, तर विचारणाऱ्याने नीट विचारलं नाही असं समजतात. नातं निघालं की चहा येई, भाव उतरे, आणि दत्ताचा कायदा लागू होई. पाहुण्याच्या मालाचं झाकण उघडायचं नाही. पाहुणा जुनं यंत्र विकायला आला तर तो म्हणेल ते खरं. बिघाड निघाला तर तो स्वतः येऊन निस्तरेल, नाही तर आपण गिळायचा. त्याच्यासमोर पेचकस काढणं म्हणजे त्याच्या घरात हंड्याचं झाकण उचलून किती धान्य आहे ते बघणं.

हा कायदा धंद्याच्या दृष्टीने वेडेपणाचा होता. तरीही तो आम्हाला इतकी वर्षं महागात पडला नव्हता. आज मागे बघताना त्या दिवसांची हीच गोष्ट जास्त आठवते.

शिरूर कासारला सानप मॅडमची टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. सासऱ्यांनी सुरू केलेली, त्यांच्यामागे मॅडमनी चालवलेली. एके काळी तिथे लोखंडी टायपिंग मशिनांची रांग होती. बसमधून उतरलं की आवाजावरून ती सापडायची. पत्ता विचारावा लागत नसे. मशिनची पट्टी ओळीच्या शेवटी पोचली की घंटी वाजायची, आणि एका वर्गात वीस घंट्या पुढेमागे वाजत राहायच्या. आमच्या दैनिकातले निम्मे ऑपरेटर त्या वर्गातून आले होते. मग परीक्षा संगणकावर गेली. मशिनं भंगारात गेली, आणि मॅडमनी आमच्याकडून संगणक घेतले. ते वर्षानुवर्षं चालले आणि मग एकामागून एक दगावले.

करोनाच्या साथीनंतरची ही गोष्ट. परीक्षा घेणाऱ्या खात्याने कळवलं की इन्स्टिट्यूटची तपासणी होणार. दहा चालू संगणक दिसले पाहिजेत, नाहीतर मान्यता रद्द. मॅडमकडे एकही धड चालत नव्हता. त्यांनी दत्ताला फोन केला आणि दत्ताने शब्द दिला.

नेमका तेव्हाच जुना माल मिळेनासा झाला होता. बरेच जण अजून घरूनच काम करत होते, शिकत होते आणि कंपन्या जुनी यंत्रं सोडत नव्हत्या. लिलाव मोबाइलवर गेले होते. गोदाम नाही, गुडघ्यावर बसणं नाही. पडद्यावर फोटो, खाली उलटं धावणारं घड्याळ, आणि आपण बोली लावली की कुठल्या तरी अनोळखी नावाने त्यावर चढणारी बोली. अशा एका संकेतस्थळावर दत्ताला बारा संगणकांचा लॉट दिसला. आधी इसाराची आगाऊ रक्कम भरायची होती. दत्ताला ते ओळखीचं वाटलं. जनावरांच्या बाजारातही इसार देतात आणि इसार घेतलेलं जनावर मालक दुसऱ्याला देत नाही. घड्याळ संपेपर्यंत तीन जण बोली चढवत होते. हे तिघे माणसं नव्हतेच, बोली चढवायला ठेवलेली नुसती नावं होती, असं नंतर पोलिसांनी सांगितलं. लॉट आम्हाला लागला. दत्ताने दुकानात पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी फोन आला. दत्ताने तो स्पीकरवर ठेवला.

“दत्ता पांढरे बोलतेत का? लॉट लागला तुमाला, अभिनंदन. मी गोडावनवरून बोलतोय, पुण्याहून.”

“पुण्याहून ठीक हाय,” दत्ता म्हणाला. “पण बोली तर आपल्याकडची दिसायली. मूळ गाव कोणतं?”

“हां, तिकडचंच की.”

“पाटोद्याकडचे का?”

“पाटोद्याकडचंच, दादा.”

“मंग भगवानअण्णाला वळखत असाल. घाटाकडल्या वस्तीवरचे.”

“अण्णा? आवो, आमचे चुलतेच की ते!”

“आर्र!” दत्ताने मांडीवर थाप मारली. “मंग तर पाव्हणेच निघाले. अण्णाची धाकली आमच्या मावसभावाला दिलेली हाय.”

“मंग काय तर! तिच्या लग्नात पंगतीला वाढत होतो मी.”

यानंतर दहा मिनिटं संगणकाचा विषय निघाला नाही. निघाला तेव्हा दत्ता सवयीने म्हणाला की दोन दिवसांत माल बघायला येतो.

“या की. जेवायलाच या. पण बघायला म्हणून येत असाल, तर... न्हाई, तुमची मर्जी. अण्णाला सांगतो, दत्ताभाऊ येऊन झाकणं उघडून बघून गेले म्हणून.”

“न्हाई न्हाई,” दत्ता घाईने म्हणाला. “तसं कुठं म्हनलो मी? धाडून द्या तुमी.”

त्याच दुपारी त्याने सगळी रक्कम पाठवली. संध्याकाळी त्याने सानप मॅडमना फोन केला. “मॅडम, काळजी करू नका. पाव्हण्याचा माल हाय.”

पुढचं थोडक्यात सांगता येतं. वाहतुकीचे वेगळे पैसे मागितले, ते गेले. विम्याचे मागितले, तेही गेले. ट्रकचा नंबर लिहिलेल्या बिल्टीचा फोटो आला. बिल्टी म्हणजे माल गाडीत चढल्याची पावती. ट्रक यायच्या दिवशी दत्ता सकाळपासून ट्रान्सपोर्टच्या गोदामात बसून होता. दुपारी तिथल्या मुनीमजींनी बिल्टी हातात घेतली, नंबर मोबाइलमध्ये टाकला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“पाव्हणं, हा ट्रक न्हाई. स्कुटी हाय ही.”

“नीट बघा.”

“नीटच बघितलं. लाल रंगाची हाय. बारा संगणक स्कुटीवर आणायलेत व्हय तुमचे लोक?”

हमाल हसले. दत्ताने फोन लावला. तो बंद होता. मग त्याने भगवानअण्णांना लावला आणि विचारलं, पुण्याला तुमचा कोण पुतण्या असतो?

“पुण्याला?” अण्णा म्हणाले. “माझे तिन्ही पुतणे कोयते घिऊन कारखान्यावर गेलेत. पुण्याला कावून जातील ते?”

सायबर तक्रारीच्या टेबलावर एक महिला हवालदार होत्या. त्या दिवशी त्यांच्याकडे आमच्या आधी चार जण येऊन गेले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “फोनचं रेकॉर्डिंग होतं का तुमच्या मोबाइलमध्ये?” होत होतं. दत्ताला ते माहीत नव्हतं. त्यांनी पहिल्या फोनचं रेकॉर्डिंग लावून ऐकवलं.

बातमीदाराला पहिल्या आठवड्यात शिकवतात की उत्तर प्रश्नात घालू नये. ‘तुम्ही पाटोद्याकडचे का’ असं विचारलं की समोरच्याला फक्त होकार द्यायचा राहतो. रेकॉर्डिंग ऐकताना ते स्पष्ट दिसत होतं. तालुका दत्ताने सांगितला. अण्णांचं नाव दत्ताने सांगितलं, वस्ती दत्ताने सांगितली, अण्णांना धाकटी मुलगी आहे आणि तिचं लग्न झालं आहे हेही दत्तानेच सांगितलं. पलीकडच्या माणसाने चुलता जोडला आणि पंगतीत वाढल्याचं सांगितलं. स्वतःच्या पदरचं एवढंच. बाकी तो ‘हां’ म्हणत होता. हा फोन आला तेव्हा मी दुकानात चार हातांवर बसलो होतो. मलाही हे ऐकू आलं नव्हतं. नातं निघत असताना माणूस नातं ऐकतो, वाक्यं ऐकत नाही.

हवालदार बाईंनी पेन उचललं. “नातेवाईक असल्याचे भासवून, असं लिहू का?”

दत्ताने मोबाइल उचलून उलटा ठेवला. “त्यानं कुठं भासवलं, बाई?” तो म्हणाला. “मीच केला त्याला पाव्हणा.”

“तसं लिहिता येत नाही,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी त्यांच्या पद्धतीने लिहिलं. तक्रार अजून प्रलंबित आहे.

सानप मॅडमना फोनवर सांगायची दत्ताची हिंमत झाली नाही. आम्ही दोघे शिरूरला गेलो. मॅडम वर्गातली टेबलं पुसून घेत होत्या, भिंतीला नवा चुना दिला होता.

“गाडी मागून येतीय का?” त्यांनी विचारलं.

“गाडी न्हाई, मॅडम. गाडी नव्हतीच.” दत्ताने सगळं सांगितलं.

मॅडम खुर्चीवर बसल्या. “तुझ्या पाव्हण्यानंच फसवलं?”

“पाव्हणा न्हाई तो.”

“मग कावून सांगत होतास मला पाव्हणा पाव्हणा? मी तर पोरींनाबी सांगून बसले.” मग त्या म्हणाल्या, “दत्ता, सोमवारी साहेब येतेत. चाळीस पोरी हायेत माझ्याकडं. त्यांचे बाप इथं पाठवतेत, कारण इथं बाई हाय आणि पोरगी दिवस मावळायच्या आत घरी येती. मान्यता गेली तर बीडला जावं लागंल. यातली एकबी बीडला जाणार न्हाई. घरी बसंल आणि उन्हाळ्यात लग्न होईल. एवढंच सांगते. तुला रागावून मला काय मिळणार?”

“सोमवारी दहा यंत्रं लावून देतो,” दत्ता म्हणाला.

“कुठून आणतूस?”

“जिथं इकली तिथून.”

तो आठवडा आम्ही जीप घेऊन फिरलो. इतक्या वर्षांत विकलेल्या यंत्रांचं पुढे काय होतं, हे दुकानदाराला सहसा बघायला मिळत नाही. आम्हाला ते घरोघर बघायला मिळालं. बहुतेक ठिकाणी ती क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेली होती. दसऱ्याला अवजारांबरोबर त्यांची पूजा झाली होती. एका घरी झाकणावर हळदीकुंकवाचे इतके थर होते की स्क्रू सापडेनात. वडवणीच्या गुरुजींचं यंत्र चालू होतं. ते म्हणाले, “न्या, पण पोरींना सांगा, ह्याला उशीर लागतो, धीर धरा.” मुकादमाने आपलं फुकट दिलं आणि वर बजावलं, “टेबल मोठं ठिवायला सांगा बाईला.”

पण या वेळी दत्ता प्रत्येक दारात झाकण उघडत होता. बीडमधल्या ओळखीच्यांकडेही आणि पाहुण्यांकडेही. मालक समोर बसलेला असे आणि दत्ता मान खाली घालून स्क्रू काढत असे. बहुतेकांनी ते हसण्यावारी नेलं. एक माजी सरपंच म्हणाले, “आमी घेतलं तवा तुमी म्हनलात ते खरं मानलं. आता आमी म्हनतोय तर तुमी उघडून बघायलाव?” दत्ता स्क्रू काढत राहिला. बघून झाल्यावर त्याने हात जोडले.

शनिवारपर्यंत नऊ झाले. दहावा कुठे आहे हे दत्ताला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तो ते घर टाळत होता. ते वडवणी तालुक्यातलं त्याच्या थोरल्या बहिणीचं सासर. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. बहिणीच्या सासऱ्यांना दत्ता मामा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो. मामा आता नाहीत. असते तर हा लेख लिहिला नसता.

रविवारी सकाळी आम्ही पोचलो. मामा ओट्यावर बसले होते. संगणक त्यांच्या मुलाने, म्हणजे दत्ताच्या दाजींनी, दाखल्यांचं केंद्र काढायचं म्हणून आमच्याकडून नेला होता. केंद्र निघालं नाही. यंत्र बाहेर आणून ठेवलं. गावात त्या वेळी वीज गेलेली होती, त्यामुळे चालू करून बघता येत नव्हतं. मामा म्हणाले, “न्या. लेकीबाळी शिकतील.”

दत्ताने यंत्राला हात लावला, उचललं, परत खाली ठेवलं. मग खिशातून पेचकस काढला.

“काय करायलास?” मामांनी विचारलं.

“झाकण उघडून बघतो, मामा.”

“कावून?”

“उद्या तपासणी हाय.”

“तपासणी त्या बाईची हाय का माझी?”

दत्ताची बहीण चहा घेऊन दारात आली होती. तिने ताट खाली ठेवलं नाही. मामा हळू आवाजात म्हणाले, “लेक दिली तवा तुझ्या बापानं आमचं घरबी बघितलं न्हाई. मेंढरं मागं हायेत, म्हनला, तुमी म्हंताव ते खरं. आन तू माझ्या ओट्यावर पाना-पेचकस काढतूस?” मग आवाज चढला. “उघड. आता उघडच. गाव बोलव, सगळ्यांसमोर उघड.”

दत्ताने स्क्रू काढले आणि झाकण बाजूला केलं. मी शेजारी वाकलो होतो. रॅमच्या दोन्ही खाचा रिकाम्या होत्या. खाचांतही धूळ बसली होती, म्हणजे पट्ट्या काढून बरेच दिवस झाले होते. मी मान वर केली. दाजी गोठ्याच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि म्हशीपुढची वैरण सारखी करायला लागले.

“काय निघालं?” मामांनी विचारलं.

दत्ताने रुमाल काढला. पंखा पुसला, कडा पुसल्या, खाचाही पुसल्या. गरज नव्हती तिथेही पुसलं. मग झाकण लावून स्क्रू एकेक करून आवळले.

“काय न्हाई, मामा,” तो म्हणाला. “धूळ होती थोडी. आतून एकदम बरोबर हाय.”

“बरोबर हाय ना?”

“हाय. चुकलं माझं.”

मामांनी दम घेतला. “आता चुकलं म्हणून भागत न्हाई. उघडून घेतलंस, म्हणजे तू गिऱ्हाईक झालास. पाव्हण्याचा भाव लागणार न्हाई तुला.”

“गिऱ्हाइकाचा लावा,” दत्ता म्हणाला. तो मामांनी लावला आणि दत्ताने दिला. मग बहिणीच्या हातातला चहा घेतला. तो तोवर निवला होता.

यंत्र जीपमध्ये ठेवून आम्ही निघालो. बीड जवळ आल्यावर दत्ता म्हणाला, “आपल्या बिलाच्या मशीनमधली काढून घाल हिला.” सुटी पट्टी दुकानात उरली नव्हती, म्हणून आमच्या स्वतःच्या संगणकाची रॅम मी काढली आणि मामांच्या यंत्रात बसवली. पुढचे काही आठवडे आम्ही बिलं हाताने लिहिली.

सोमवारी साहेब आले. त्यांनी प्रत्येक यंत्र चालू करून घेतलं. गुरुजींच्या यंत्राला उशीर लागला आणि मॅडम साहेबांना म्हणाल्या, “धीर धरा, सर, जुनं हाय.” ते चालू झालं. मामांचंही झालं. मान्यता राहिली, मुलींची तुकडी राहिली. दाजींनी या विषयावर दत्ताशी कधी काही बोलणं केलं नाही. दिवाळीला मात्र ते पहिल्यांदाच दत्ताच्या घरी आपणहून फराळाला आले आणि जाताना दत्ताच्या मुलाच्या हातात जरा जास्तच पैसे ठेवून गेले.

त्यानंतर दुकानात दत्ता सगळ्यांचीच झाकणं उघडू लागला. ‘गाव कोणतं’ विचारायचा, पण उत्तर मिळाल्यावर पुढचा प्रश्न विचारत नसे. चहा उशिरा येऊ लागला. धंदा त्यामुळे काही बुडाला नाही. उलट हिशेब नीट लागू लागला. दुकान बंद केलं ते स्वस्त झालेल्या नव्या लॅपटॉपमुळे, या कारणाने नव्हे. पण बाकड्यावरचं हसणं कमी झालं ते त्या आठवड्यापासून, याची नोंद करायला हवी.

तपासणीनंतर काही महिन्यांनी मामा कामाने शिरूरला आले आणि चौकशी करत इन्स्टिट्यूटमध्ये पोचले. आम्ही त्या दिवशी तिथे माऊस बदलत होतो. मामांनी दारात वहाणा काढल्या, मॅडमना रामराम केला आणि विचारलं, “ह्यातलं आमचं कोणतं?” मॅडमनी खिडकीजवळचं दाखवलं. त्यावर एक मुलगी बसली होती.

मामा तिच्या मागे जाऊन उभे राहिले आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, “बाई, ह्या दत्तानं माझ्या दारात उघडून बघितलं व्हतं हे. माझ्यासमोर. ईचारा त्याला काय निघालं.”

मॅडमनी दत्ताकडे बघितलं. दत्ता टेबलाखाली वायर लावत होता. तो तिथूनच म्हणाला, “काय न्हाई निघालं, मॅडम. चांगलंच व्हतं.”

मामांनी मान हलवली. मुलगी अनोळखी म्हाताऱ्यामुळे बुजली होती आणि कळा अगदी हलक्या हाताने दाबत होती. मामांनी वाकून पडद्याकडे बघितलं.

“दाब की जोरानं, पोरी,” ते म्हणाले. “काय होत न्हाई त्याला. आमच्या घरचं हाय.”